कपाळावरचा हात

मारेगावात लाईन गेली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे घरातली सगळी पोट्टी आपापले मोबाईल टाकून ओट्यावर येऊन बसतात, कारण थोड्या वेळात टॉवरचाही जीव जातो. आणि दुसरी म्हणजे मी खुंटीवरचा कंदील उतरवतो, काच पुसतो, वात कातरतो आणि पेटवून झाल्यावर त्याच्या काचेला एका अंगाने जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा तारेत खोचून ठेवतो. हे मी इतकी वर्षं करत आलोय की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण परवा धाकट्या नातीने विचारलं, "आबाजी, उजेडासाठी कंदील लावता अन् त्यालेच झाकता, काहून जी?"

मी म्हटलं, काढ तो तुकडा. तिने काढला. आता सांग, अंगणातला कडुनिंब दिसतो का? गोठ्याच्या दाराशी बसलेली शेळी दिसते का? पोरगी बराच वेळ डोळे ताणून बघत राहिली, पण तिला दिसली ती फक्त ज्योत, आणि ज्योतीपलीकडे काळंकुट्ट काहीतरी. मग तुकडा परत खोचला, ज्योत आमच्या डोळ्यांआड झाली, आणि हळूहळू अंगण वर यायला लागलं: आधी निंबाचं खोड, मग बंडीचं चाक, मग शेळी, आणि शेवटी शेळीच्या तोंडातली हलणारी पराटीची काडीसुद्धा. तेल तेवढंच, वात तेवढीच. फक्त डोळ्यात घुसणारा फुकटचा उजेड तेवढा अडवला. माझे वडील जागलीला जायचे तेव्हा कंदिलाची झाकलेली बाजू नेहमी आपल्याकडे ठेवायचे. धुऱ्यापलीकडे कपाशीत डुक्कर शिरलं की नाही हे बघायचं तर डुकरावर उजेड पाहिजे, स्वतःच्या डोळ्यात कशाला, एवढा साधा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाला जगात केवढा मान आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळायला कारण झाला मोठा नातू.

हा नातू नागपुरात शिकतो. त्याने पैसे जमवून एक जुना कॅमेरा घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत पांढरकवड्याला जाऊन सुन्ना गेटमधून टिपेश्वरच्या जंगलात भल्या पहाटे शिरला. टिपेश्वर म्हणजे आमच्या शेजारचंच रान. तिथलाच एक गळ्यात कॉलर घातलेला तरुण वाघ २०१९ साली निघाला तो शेतं, नाले, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, आणि इकडे आमच्या पोरांना बाजारात जायचं तरी गाडी लागते! तर ते असो. नातवाला वाघ दिसला, चांगला दहा मिनिटं दिसला, आणि फोटो घेऊन तो घरी आला तेव्हा त्या फोटोत वाघ कमी आणि ताक जास्त होतं. सगळं चित्र पांढुरकं, पाणचट, वाघाचे काळे पट्टे राखेसारखे, आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सहा कोनांचे हिरवे-जांभळे ठिपके एका ओळीत निघालेले. माझी बायको म्हणाली, "मायबाई, वाघाच्या अंगात आलं का काय?"

मी कॅमेरा हातात घेऊन बघितला. लेन्सच्या तोंडावर काळ्या प्लास्टिकचं एक कडं होतं, पण ते पुढे तोंड करून नव्हे तर उलटं, मागच्या बाजूने लेन्सलाच मिठी मारून बसवलेलं. "हे काय आहे?" म्हटलं. "ते हूड आहे, कॅमेऱ्यासोबतच आलं," म्हणाला. "मग उलटं का?" तर म्हणाला, "पिशवीत मावत नाही ना, आबाजी." म्हणजे पाऊस धो धो पडतोय आणि गडी छत्री मिटून काखेत धरून चाललाय. आणि गंमत म्हणजे त्याने सांगितलं की जिप्सीत बसलेल्या निम्म्या लोकांची हूडं अशीच उलटी होती.

त्याचं म्हणणं एकच, की सूर्य तर फोटोत नव्हताच. अरे बाबा, तेच तर सांगतोय. जो फोटोत आहे त्याला तू बोलावलेलं आहेस. घोटाळा करतो तो चौकटीबाहेरचा, बिनबोलावलेला.

काच ही वस्तू मोठी मानभावी. दिसायला अशी, की जणू तिने काही अडवलंच नाही, पण आलेल्या प्रत्येक शंभर किरणांतले चार तिची एकेक बाजू गुपचूप माघारी पाठवते. खोटं वाटत असेल तर रात्रीच्या एसटीत बसून बघा. यवतमाळहून करंजीमार्गे मारेगावला येताना आत दिवा लागलेला असतो, बाहेर अंधार असतो, आणि खिडकीत बाहेरचं रान दिसण्याऐवजी आपलंच थकलेलं थोबाड दिसतं. ते म्हणजे हे माघारी फिरलेले किरण. मग गाव आलं का बघायला आपण काय करतो? दोन्ही हातांची ओंजळ करून खिडकीला लावतो आणि त्यात तोंड खुपसतो. लगेच बाहेरची बाभळ दिसते, मैलाचा दगड दिसतो. कुणी शिकवलेलं नसतं, पण तेच हूड. हाताचं.

आता एकाच काचेचं हे, तर कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये काय होत असेल! त्या नळीत एक काच नसते, सात-आठ असतात, कधी पंधरा. समजा सुट्या सुट्या सात काचा आहेत, तर त्यांच्या बाजू झाल्या चौदा. प्रत्येक बाजूने शंभरातले चार कापून घेतले, तर शेवटी फिल्मपर्यंत पोचतात छप्पन. बाकीचे गेले कुठे? काही आल्या वाटेने बाहेर पडतात, पण काही आतल्या आत या काचेवरून त्या काचेवर टोले खात फिरतात. चौदा बाजूंतून दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ९१ होतात, म्हणजे उजेडाला दोनदा टप्पा खाऊन परत पुढे निघायच्या ९१ वाटा. दोन टप्पे खाल्लेला किरण सहाशेतला एक उरतो, पण सूर्याचा सहाशेवा हिस्सा म्हणजे काही चिमणीचा उजेड नाही. त्यातले काही नीट एका जागी जमले की होतात ते रंगीत ठिपके. लेन्समधल्या झडपेच्या भोकाला सहा कोन, म्हणून ठिपक्यांनाही सहा कोन. आणि उरलेले सगळीकडे पसरले की होतं ते ताक. लग्नात बिनबोलावलेला पाहुणा येतो ना, तसं. एक पत्रावळ गेल्याचं दुःख नसतं, पण तो एका जागी बसत नाही. मांडवात, स्वयंपाकात, जानोश्यात, सगळीकडे फिरतो आणि शेवटी नवरदेवाच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो.

फोटोवरून आठवलं. आमचं स्वतःचं लग्न गोरज मुहूर्तावरचं. फोटोवाला तालुक्याहून आला होता. तीन पायांवरची पेटी, मागे काळं फडकं, त्यात तो डोकं खुपसायचा. पोरांना वाटायचं हा आत लपून काही जादू करतो. पण ते फडकंही अंधारासाठीच होतं. पेटीच्या मागच्या दुधी काचेवर उमटलेलं उलटं, फिकं चित्र भर उजेडात दिसणार कसं, म्हणून त्याने आपल्यापुरती रात्र करून घेतलेली असायची. तर मावळतीचा सूर्य होता आमच्या पाठीशी जरा उजवीकडे, आणि त्याचा पहिला फोटो आला तो नातवाच्या वाघासारखा. माझ्या मुंडावळ्या दिसतात, मी दिसत नाही. पण दुसरा फोटो काढताना गड्याच्या काय मनात आलं देव जाणे, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि एका हाताने लेन्सच्या वर, जरा बाजूला अशी धरली, की टोपीची सावली बरोबर काचेवर पडावी पण टोपी मात्र फोटोत येऊ नये. तो फोटो आज भिंतीवर आहे. शालूवरचा काठ मोजून घ्या. पहिला फोटो ट्रंकेत आहे, आणि बायको अजून म्हणते की त्या फोटोतच मी गोरी दिसते, हा टांगायचा होता.

त्या टोपीत हूडाची सगळी विद्या आली बघा. सावली काचेवर पडली पाहिजे, पण सावली करणारा चित्रात आला नाही पाहिजे. म्हणून दूरचं बघणाऱ्या लांबलचक लेन्सचं हूड असतं बाटलीसारखं खोल, कारण ती बघते अरुंद गल्लीतून. आणि विस्तीर्ण बघणारीचं असतं ताटलीसारखं उथळ, जास्त खोल केलं तर तेच फोटोच्या कोपऱ्यांत काळं होऊन बसेल. काही हूडांना पाकळ्या असतात, ते शोभेसाठी नाही. फोटो आडवा चौकोनी असतो, वर-खाली कमी बघतो, आजूबाजूला जास्त आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त. म्हणून वरची-खालची पाकळी लांब, बाजूच्या आखूड, आणि कोपऱ्यांशी खाच. पाकळ्या जरा फिरवून बसवल्या की चारी कोपरे काळे. आतून ते मुद्दाम काळं, बिनचमकीचं ठेवतात, नाहीतर हूडच आरसा व्हायचं.

हे सांगत होतो तेवढ्यात एक पाखरू येऊन कंदिलावर आपटलं, आणि गोष्ट तिकडे वळली. कंदिलावर येणारं हे पाखरू, पतंग म्हणा, स्वतः मात्र या बाबतीत माणसाच्या पुढे आहे. त्याच्या डोळ्यात कंदील चमकत नाही. रात्री चमकणारा डोळा म्हणजे शिकाऱ्याला आवतणच, म्हणून त्याच्या डोळ्याच्या वरच्या सालीवर इतके बारीक उंचवटे दाटीने असतात, की आपल्या एका केसाच्या जाडीत तसे तीनेकशे बसावेत. उजेडाची लाटसुद्धा त्यांच्याहून जाडी, त्यामुळे हवा कुठे संपली आणि डोळा कुठे सुरू झाला हे उजेडाला कळतच नाही, आणि जिथे उंबरा लागत नाही तिथे ठेच लागत नाही. माघारी फिरायचं त्याच्या लक्षातच येत नाही. १९६०च्या आसपास शास्त्रज्ञांना हे दिसलं, आणि आज महागड्या लेन्सांच्या काचेवर तसेच उंचवटे करतात.

माणसाची गोष्ट त्याआधी कशी सुरू झाली, ते ऐकून तर घासूनपुसून भांडी लख्ख करणाऱ्या तुमच्या आजीला रागच येईल. इंग्लंडात डेनिस टेलर नावाचा लेन्स घडवणारा कारागीर होता. १८९०च्या दशकात त्याच्या ध्यानात आलं की जुनी, काळवंडलेली, डाग धरलेली काच नव्या कोऱ्या काचेपेक्षा जास्त उजेड आत सोडते! डाग म्हणजे काचेवर चढलेला एक पातळ थर, आणि त्या थराच्या वरून आणि खालून फिरलेले किरण एकमेकांची जिरवतात. पुढे १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने असा थर हिशेबाने चढवायची रीत काढली. लेन्समध्ये जी निळी-जांभळी झाक दिसते ती तीच. चाराचा आकडा त्याने अर्ध्याच्याही खाली आणता येतो. पण शून्य होत नाही, म्हणून टोपी अजून लागतेच.

"मग माणसाच्या आधी टोपी कोणी घातली नाही का?" नातीने विचारलं. घातली ना. ती बघ, गोठ्याच्या दाराशी बसली आहे. उद्या उजेडात शेळीच्या डोळ्यात नीट बघ. बुबुळाची काळी फट आडवी असते, पाटीसारखी. वरून पडणारं ऊन कमी आणि चहूकडचं रान जास्त दिसावं, अशी ती सोय. आणि चरायला मान खाली घातली तरी तिचे डोळे खोबणीत फिरतात आणि फट जमिनीला समांतरच राहते, हे २०१५ साली काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आणखी जवळून बघितलंस तर त्या फटीच्या वरच्या काठाला काळ्या रंगाची झालर लोंबताना दिसेल, दाण्यादाण्यांची. वरातीच्या घोडीच्या डोळ्यात तर ती चांगली ठसठशीत असते. ती झालर म्हणजे पडवीला उतरवलेलं छप्परच, भर उन्हात बुबुळावर सावली धरणारं. आकाशातला गरुड रागावल्यासारखा दिसतो तोही रागावलेला नसतो. त्याच्या डोळ्यावर हाडाची एक वळचण पुढे आलेली असते, आणि तिची सावली डोळ्यावर पडते. बिचाऱ्याला उगाच लोक तापट म्हणतात.

पण टोपी घालणारा किती जुना असू शकतो, ते ऐकाल तर थक्क व्हाल. आपल्या काळ्या मातीचा बाप तो बसाल्टचा खडक, साडेसहा कोटी वर्षांचा. वणीच्या खाणीतला कोळसा त्याचा खापरपणजोबा, पंचवीस कोटींहून जुना. तो कोळसा ज्या काळात गाडला गेला, त्या काळात समुद्रातून ट्रायलोबाइट नावाचं एक कवचवालं, गोमेच्या नात्यातलं कुळ संपत आलं होतं. त्याच कुळातला, पण त्याच्याही आधीचा, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा एक जण मोरोक्को देशात दगड होऊन सापडला. नाव एर्बेनोकाइल. याच्या डोक्यावर डोळ्यांचे दोन मनोरे, आणि डोळ्यातली भिंगं चक्क दगडाची, म्हणजे वणीच्या बाजूला ज्या चुनखडीचा चुना करतात तिच्यातच असणाऱ्या कॅल्साइटची! आणि प्रत्येक मनोऱ्याच्या माथ्यावर बाहेर आलेली एक कड, टोपीच्या पुढच्या झापेसारखी. रिचर्ड फोर्टी आणि ब्रायन चॅटर्टन या दोघांनी २००३ साली त्याच्यावर वरून उजेड टाकून बघितला, तर वरचा उजेड भिंगांवर पडतच नव्हता. म्हणजे हा गडी समुद्राच्या तळाशी, वरून येणारं ऊन टोपीवर झेलत, चारी बाजूंनी कोण येतं-जातं ते बघत बसायचा. तेव्हा जमिनीवर धड झाडंसुद्धा नव्हती, आणि याच्याकडे हूड होतं. आणि सरळ बसवलेलं!

नातू यावर काही बोलला नाही, पण कॅमेऱ्याचं कडं काढून नीट पुढे बसवताना 'टक' असा आवाज मला ऐकू आला.

माणूस मात्र एकदा शिकला की थांबत नाही. २५ डिसेंबर २०२१ला जेम्स वेब नावाची दुर्बीण अंतराळात गेली, तिच्या पाठीशी टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री आहे. एका अंगाला सूर्याचा ताव, दुसऱ्या अंगाला उणे दोनशे अंशांच्या खालचा गारठा, आणि त्या गारठ्यात बसून ती अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड वेचते, जसा आपण पराटीतून कापूस वेचतो. आणि २ सप्टेंबर २०२३ला गेलेलं आपलं आदित्य-एल१ तर त्याहून गमतीचं. त्यावर पुण्याच्या आयुकात तयार झालेली दुर्बीण सूर्याचे फोटो काढते, आणि तिच्या शेजारीच बंगळूरची दुर्बीण बसली आहे, ती सूर्य बघायचा म्हणून सूर्यच झाकते! सूर्याभोवतीचा प्रभामंडल सूर्याच्या बिंबापुढे दहा लाखांत एक इतका फिका, तो दिसायचा तर बिंब डोळ्याआड करायला हवं. कंदिलाला लग्नपत्रिका खोचायचीच ती तऱ्हा, फक्त पंधरा लाख किलोमीटर लांब जाऊन.

माझं म्हणाल तर हे सगळं मला पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यातच भोगावं लागलं. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मोतीबिंदू पिकत होता. संध्याकाळी वणीकडे कापसाचे ट्रक निघाले की समोरून येणारा एकेक दिवा शिरीषाच्या फुलासारखा तंतू फुटून आकाशभर व्हायचा, आणि त्यात रस्ता, पूल, सायकलवाला, सगळं बुडून जायचं. मला वाटायचं उजेड कमी पडतोय, म्हणून मी घरात मोठा बल्ब लावला, तर अजूनच दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं, आबाजी, उजेड भरपूर आहे, पण तुमचं भिंग दुधाळलंय, ते आलेला उजेड डोळ्यातच उधळतं. तोपर्यंत मी दुपट्टा कपाळावर पुढे ओढून घ्यायचो, त्याने जरा बरं वाटायचं. लोक म्हणायचे बुढा लाजतो कुणाला!

आमच्या भागात कपाळाला हात लावायची पाळी फार येते, ते काही सांगायला नको. बोंडअळी पडली, भाव पडला, की कास्तकार धुऱ्यावर बसतो आणि हात कपाळाला जातो. पण तोच कास्तकार मृगात उठतो, धुऱ्यावर उभा राहतो, आणि हात परत कपाळावरच जातो, फक्त या वेळी आडवा, भुवयांच्या वर, पंजा पुढे काढून. त्या हाताच्या सावलीतून तो वर्धा नदीच्या अंगाला ढग किती भरलेत ते बघतो. जागा तीच, हात तोच. एक वेळा डोळे मिटतात, एक वेळा उघडतात. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दगडी डोळ्यावर जी कड होती, ती आपल्याला हाताला पाच बोटं लावून मिळाली आहे, पाहिजे तेव्हा धरावी, नको तेव्हा खाली घ्यावी.

एवढ्यात लाईन आली. ओट्यावरचा बल्ब भसकन पेटला, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि क्षणभरात अंगण, निंब, बंडी, शेळी, सगळं पुसून गेलं. मोबाईल टुणटुण वाजायला लागले, पोट्टी आत पळाली. धाकटी मात्र पायरीवर उभी राहिली, बल्बच्या बाजूने हात कपाळावर आडवा धरला आणि अंधारात डोळे बारीक करून म्हणाली, "आबाजी, शेळी उठली जी. गोठ्यात चालली."